जुना संगणक: पंखा फिरतो, पण स्क्रीन काळीच. काय तपासावं?

पंखा फिरतोय म्हणजे वीज आत येतेय. आधी रॅम (मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डावर, बसवलेली मेमरीची लांबट पट्टी) बघा. विजेची वायर काढा, पॉवरचं बटण १० सेकंद दाबून उरलेला करंट जाऊ द्या. मग संगणक उघडून रॅम बाहेर काढा. रॅमच्या कडेच्या सोनेरी पट्ट्यांवर बहुधा काळपट थर असतो. तो खोडरबरानं हलकेच घासा, कण झटका आणि दोन्ही टोकं नीट खाली जाऊन खिट्टी 'खट्' वाजेपर्यंत रॅम दाबून बसवा. दोन असतील तर एकेक लावून पाहा. बहुतेकदा काम इथेच होतं.

नाहीच झालं तर मदरबोर्डवरचा ३ व्होल्टचा सीआर२०३२ सेल (नाण्यासारखा गोल) बदला. प्रोसेसरजवळच्या (मुख्य चिपजवळच्या) कपॅसिटरची, म्हणजे वीज साठवणाऱ्या छोट्या नळकांड्याची, टोपी फुगली असेल तर दोष बोर्डातच आहे. पॉवर सप्लायचा (संगणकाला वीज पुरवणारा) डबा मात्र उघडू नका, वायर काढल्यावरही आत जीवघेणं व्होल्टेज उरलेलं असू शकतं.