आकडा २४०० वरून ४८० वर आलाय, मग लघवीची गोळी बंद करू का?

प्रश्न: माझ्या बाबांना (वय ७१) हार्ट फेल्युअर आहे. डिस्चार्जच्या वेळी एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ताची टेस्ट) २४०० होतं. तेव्हाच सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टन ही हार्ट फेल्युअरची गोळी सुरू झाली. परवा दुसऱ्या लॅबमध्ये टेस्ट केली तर ४८० आलं, घरात सगळे खूश. रिपोर्टवर नुसतं बीएनपी लिहिलंय, पण ते एकच ना? बाबा म्हणतायत आता लघवीची गोळी बंद करा, रात्री सारखं उठावं लागतं.

उत्तर: एकच नाही हो, सगळा घोळ तिथेच आहे. हृदयाच्या भिंतीवर ताण आला की तिथल्या पेशी एक प्रोटीन बनवतात, त्याचे दोन तुकडे होतात, एक बीएनपी आणि दुसरा एनटी-प्रोबीएनपी. बीएनपी वीसेक मिनिटांत निम्मं होतं, दुसरं रक्तात जास्त वेळ टिकतं म्हणून त्याचा आकडा मोठा दिसतो. एमर्जन्सीत दम लागून आलेल्या पेशंटला हार्ट फेल्युअर नसावं असं म्हणायला बीएनपी १०० च्या खाली लागतं आणि एनटी-प्रोबीएनपी ३०० च्या, आता बघा तुमचं ४८० कुठे बसतं ते. युनिट दोन्हीकडे पिकोग्रॅमच असतं त्यामुळे भलेभले फसतात.

त्यात बाबांची ती नवीन गोळी, सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टन, बीएनपी तोडणाऱ्या एन्झाइमलाच अडवते, म्हणजे पेशंट बरा असला तरी बीएनपी चढलेलं दिसू शकतं. एनटी-प्रोबीएनपीला हे एन्झाइम तोडत नाही, म्हणून या गोळीवर असताना तीच टेस्ट करायची आणि शक्यतो त्याच लॅबमध्ये. मग २४०० शी तुलना करा. साधारण ३० टक्क्यांच्या वर फरक असेल तर त्याला अर्थ आहे, १०-१५ टक्के तर असंच वरखाली होतं. रिपोर्टवर '१२५ च्या आत नॉर्मल' छापलेलं असतं ते बघून घाबरू नका, वय, किडनी, एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित पडणं) यांनी आकडा वाढतो आणि वजन जास्त असेल तर उलट कमी दिसतो.

आणि आकडा खरंच उतरला तरी फक्त त्यावरून औषध हलवत नाहीत. गाइड-आयटी नावाच्या ट्रायलमध्ये (२०१७) एनटी-प्रोबीएनपी १००० च्या खाली आणायचं टार्गेट धरून औषधं दिली, नेहमीच्या ट्रीटमेंटपेक्षा काही जास्त फायदा दिसला नाही. मला विचाराल तर घरातला वजनकाटा जास्त कामाचा, रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, खायच्या आधी वजन लिहून ठेवा, तीन दिवसांत दोन किलोच्या वर गेलं किंवा नडगीवर अंगठा दाबून खड्डा राहायला लागला तर अंगात पाणी साठत असेल, लगेच डॉक्टरांना फोन. पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी) या रक्ताच्या टेस्ट मात्र डॉक्टर सांगतील तेव्हा न चुकता करा, या औषधांवर ते लागतंच.

राहिला रात्रीच्या उठण्याचा त्रास. गोळी संध्याकाळी घेत असतील तर ती सकाळी, किंवा दोन असतील तर दुसरी दुपारी घेता येईल का, एवढं डॉक्टरांना विचारा, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.