ज्याच्या हाती जीमेल तो पारधी

यावेळच्या पत्रांमध्ये रील आणि यूट्यूबवाल्यांचीच पत्रं जास्त आहेत, आणि बहुतेकांचं दुखणं एकच, की कष्ट माझे, चेहरा माझा, मग हे सगळं नक्की कोणाचं? त्यातली तीन घेतेय. नावं काढून टाकलीत.

प्रश्न : ताई नमस्कार. लॉकडाऊनमध्ये माझ्या दिराच्या मुलाने माझ्या रेसिपींचं यूट्यूब चॅनल चालू केलं. शूटिंग, एडिटिंग तो करतो, स्वयंपाक आणि बोलणं माझं. आता चॅनल चांगलं चालतं, दर महिन्याला पैसे येतात पण त्याच्या खात्यात. सणावाराला मला साडी घेतो, मध्ये फ्रिज आणला. हिशोब विचारला तर म्हणाला काकू, चॅनल माझ्या नावावर आहे. आता लग्न करून पुण्याला जायचं म्हणतोय. लोक मला बघायला येतात ना, मग माझं काहीच नाही का? – एक काकू, बार्शी

उत्तर : काकू, साडी-फ्रिज ही भेट झाली, वाटा नाही, आणि हे तुमच्या पुतण्यालाही आतून माहीत असणार. पण त्याचं म्हणणं सरळ खोटं आहे असंही नाही, म्हणून जरा नीट बघू.

इथे दोन मालक्यांची सरमिसळ झालीये, एक चॅनलची आणि एक व्हिडिओंची. चॅनल म्हणजे शेवटी गूगलवरचं एक अकाउंट. ते ज्या जीमेलवरून उघडलं तो त्यांच्या लेखी मालक, कॅमेऱ्यासमोर आमटी कोण ढवळतंय याच्याशी त्यांना काही देणंघेणं नाही. पैसे येतात ते अॅडसेन्सच्या, म्हणजे जाहिरातींचे पैसे देणाऱ्या गूगलच्या सेवेच्या, खात्यावर. आठवून बघा, सुरुवातीला पोस्टाने एक पाकीट आलं असेल, आत सहा आकड्यांचा पिन. कमाई 10 डॉलरपर्यंत गेली की पत्ता खरा आहे का हे तपासायला ते पाठवतात. त्या पाकिटावर ज्याचं नाव होतं त्याच्याच बँकेत पैसे जातात, 100 डॉलर जमले की महिन्याच्या 21 ते 26 तारखेच्या आसपास. थोडक्यात सातबारा गूगलकडे, कूळ म्हणून नाव पुतण्याचं आणि राबताय तुम्ही. आणि तुम्ही घरात ज्या वाट्यावरून भांडताय तो आधीच कापून आलेला असतो बरं का, मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीतले 45 टक्के यूट्यूब ठेवून घेतं आणि 55 चॅनलला देतं, शॉर्ट्सला, म्हणजे छोट्या उभ्या व्हिडिओंना, तर क्रिएटर्ससाठी बाजूला काढलेल्या रकमेतले 45 टक्केच हातात येतात. त्याबद्दल कोणी काकूशी बोललं नाही आणि पुतण्याशीही नाही.

आता व्हिडिओ. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात फिल्मचा पहिला मालक म्हणजे निर्माता, म्हणजे ज्याने पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली तो. पुतण्या म्हणणार तो मीच, मोबाईल माझा, लाईट माझे, रात्र रात्र जागून एडिटिंग माझं. त्यात तथ्य आहे. रेसिपीवर म्हणाल तर मालकी कोणाचीच नसते, शेंगदाण्याची आमटी कशी करायची ही कल्पना झाली आणि कायदा कल्पनेला धरत नाही, तुम्ही ती ज्या शब्दांत सांगितली त्याला धरतो.

पण त्याच कायद्यात सादर करणाऱ्याचा हक्क वेगळा दिलाय आणि तो फार कमी लोकांना माहीत असतो. तिथल्या व्याख्येत नट, गायक, नर्तक आहेत, जादूगार आहे, चक्क गारुडीसुद्धा आहे, आणि शेवटी 'सादरीकरण करणारी इतर कोणीही व्यक्ती' अशी मोकळी जागा ठेवलीये. चुलीसमोर बसून गप्पा मारत रांधणारी काकू त्या जागेत बसते असं म्हणायला चांगला वाव आहे, निदान मी तरी तुमच्या बाजूने तेच मांडीन. फिल्ममध्ये घेण्याची लेखी संमती दिली की नंतर हरकत घेता येत नाही असं कायदा म्हणतो, पण व्यावसायिक वापर होत असेल तर तेव्हाही रॉयल्टी मागता येते, ही सोय 2012 च्या दुरुस्तीने केली. तुम्ही तर कागदावर साधी सहीसुद्धा केलेली नाही. म्हणजे त्याच्याकडे जीमेल आहे पण कागद कोणाकडेच नाही, आणि हाच तुमचा जोर आहे.

तरी वकिलाची नोटीस आधी नको. चिडून त्याने एका रात्रीत चॅनल डिलीट केलं तर कोर्टात जिंकूनही हातात काय येणार? लग्नाच्या आधी, घरात मोठं माणूस कोणी असेल त्याला बसवून बोला. चॅनल ब्रँड अकाउंटवर, म्हणजे एकाहून जास्त मालक जोडता येणाऱ्या अकाउंटवर, असेल तर तुमचं स्वतःचं जीमेल काढून तुम्हाला दुसरी मालक म्हणून जोडायला सांगा, सात दिवस झाले की मुख्य मालकसुद्धा बदलता येतो. साध्या अकाउंटवर असेल तर ते ब्रँड अकाउंटवर हलवता येतं. रिकव्हरीचा मोबाईल नंबर कोणाचा आहे तेही विचारा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सुमन धामणे, म्हणजे 'आपली आजी'वाल्या आजी, त्यांचं चॅनल 2020 मध्ये हॅक झालं होतं, नशिबाने परत मिळालं. तुमच्या घरात तसं झालं तर यूट्यूबशी बोलायचा अधिकार आज फक्त एका माणसाकडे आहे आणि तो पुण्याला चाललाय.

मग 500 च्या स्टॅम्पपेपरवर लिहून घ्या, वाटा किती, दर महिन्याचा स्क्रीनशॉट कधी दाखवायचा, ओरिजिनल फुटेजची कॉपी कुठे ठेवायची, आणि तो बाजूला झाला तर चॅनलचं नाव कोण वापरणार. हक्क कोणी कोणाला लिहून देत असेल तर मुदत नक्की टाका, नाहीतर कायदा पाच वर्षं धरतो. वाटा मला विचाराल तर निम्मा-निम्मा. पोरगं गुन्हेगार नाहीये काकू, त्याला आत्तापर्यंत कोणी विचारलंच नव्हतं.

प्रश्न : माझी आजी जात्यावरच्या ओव्या म्हणते. मी मोबाईलवर रेकॉर्ड करून टाकल्या. एका मोठ्या पेजने तोच आवाज उचलला, खाली बीट टाकला, आणि तो एवढा व्हायरल झाला की लग्नात वाजतोय. आजीचं नाव कुठेच नाही. कहर म्हणजे आता माझ्याच व्हिडिओवर कॉपीराइट क्लेम आलाय! ओव्या तर परंपरेतल्या, मग क्लेम कोणाचा खरा? – वाचक, भोर

उत्तर : ओवी कोणाचीच नाही, बरोबर. पण आजीचा आवाज आजीचा आहे आणि ते रेकॉर्डिंग तुझं आहे, या दोन्ही गोष्टी ओवीपासून वेगळ्या. रेकॉर्डिंगवरचा हक्क 60 वर्षं, आजीचा सादरीकरणाचा हक्क 50 वर्षं. पेजवाला फार तर त्याच्या बीटवर हक्क सांगू शकतो, खालचा आवाज त्याला कोणी दिलेला नाही.

झालं काय असणार तर त्याने रिमिक्स एखाद्या डिस्ट्रिब्युटरमार्फत, म्हणजे गाणी ऑनलाइन पोचवणाऱ्या कंपनीमार्फत टाकलं, ते यूट्यूबच्या कंटेंट आयडीत, म्हणजे नोंदवलेले आवाज ओळखणाऱ्या यंत्रणेत गेलं, आणि मशीनने तुझ्या व्हिडिओत तोच आवाज ओळखला. मशीनला आधी कोणी म्हटलं हे कळत नाही, आधी कोणी नोंदवलं तेवढं कळतं. तू डिस्प्यूट टाक, म्हणजे क्लेम मान्य नाही असं यूट्यूबला कळव, घाबरू नकोस, डिस्प्यूट टाकला म्हणून चॅनलवर लगेच स्ट्राइक, म्हणजे दंडाची नोंद, येत नाही. क्लेम आल्यापासून पहिल्या पाच दिवसांत टाकलास तर मधले पैसे कोणालाच न देता बाजूला ठेवतात. समोरच्याला उत्तर द्यायला 30 दिवस असतात. मोबाईलमधली मूळ फाइल तारखेसकट जपून ठेव, व्हॉट्सअॅपवर फिरून आलेली नको. आणि इन्स्टावर त्या रीलच्या खाली बघ, 'ओरिजिनल ऑडिओ' असं लिहून पेजचं नाव असेल. तुझ्या आजीच्या आवाजावर! त्यावर कॉपीराइटचा फॉर्म भरून रिपोर्ट कर, नुसतं कमेंटमध्ये भांडून ते हलणार नाहीत.

याच ओव्यांचं दुसऱ्या पद्धतीनेही काम झालंय हे तुला माहीत असावं म्हणून सांगते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या जमवल्या, लाखाच्या वर, आणि आता त्या 'पारी'वर, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या वेबसाइटवर आहेत. तिथे ओवीबरोबर म्हणणाऱ्या बाईचं नाव असतं, गाव, तालुका, जिल्हा असतो. नाव टाकायला वेगळं बजेट लागत नाही, हे त्या पेजवाल्याला टॅग करून जरूर सांग. तडजोडीची भाषा आलीच तर नुसत्या क्रेडिटवर गप्प बसू नकोस, वाटाही माग आणि आजीला विचारून माग, कारण ती हो म्हणतेय की नाही हे तुझ्या पत्रात कुठेच नाहीये. तू तिचा व्हिडिओ टाकलास तेव्हा तरी विचारलं होतंस ना?

प्रश्न : माझे इन्स्टावर फॉलोअर्स बरे आहेत. एका कंपनीने 28 हजारांचा मिक्सर फुकट पाठवलाय, दोन रील टाका म्हणतात, पैसे नाहीत. टाकू का? – नाशिक

उत्तर : फुकट नाहीये तो, दोन रीलचा मोबदला आहे. वर्षाला 20 हजारांच्या वरची अशी वस्तू ठेवून घेतली तर 10 टक्के टीडीएसचा नियम लागतो, जुलै 2022 पासून. म्हणजे मिक्सर मिळूनही कराचा हिशोब तुमच्या पॅनवर येणार. वापरून परत पाठवला तर नाही. मला विचाराल तर रोख पैसे मागा, नाही म्हणाले तर मिक्सर खरंच हवाय का ते बघा. आणि मेलमध्ये एक गोष्ट लिहून घ्या, तुमची रील ते स्वतःच्या जाहिरातीत किती दिवस चालवणार. हे न विचारल्यामुळे मिक्सरच्या बदल्यात चेहरा वर्षभर फिरत राहतो.

टाकलीत तर जाहिरात आहे हे स्पष्ट सांगायचं. वस्तू फुकट मिळाली तरी सांगायचं, जानेवारी 2023 च्या सरकारी सूचनांमध्ये तसं आहे. व्हिडिओ असेल तर तोंडाने बोलूनही आणि लिहूनही, कॅप्शनच्या तळाशी हॅशटॅगच्या गर्दीत लपवलेलं चालत नाही. दिशाभूल ठरली तर दंड 10 लाखांपर्यंत जाऊ शकतो, आणि तो कंपनीबरोबर तुम्हालाही होऊ शकतो.