तिसऱ्यांच्या शिंपल्या ओल्यात की सुक्यात?

आम्ही ओला-सुका कचरा नेमाने वेगळा करतो. पण गाडीवर दोन्ही पिशव्या एकाच हौद्यात पडताना मी पाहिल्या. मग घरी कशाला खटाटोप? (म्हापसा)

राग रास्त आहे. आमच्या वाड्यावरही हेच चालायचं. गाडीचा नंबर आणि तारीख घालून लेखी तक्रार दिली, तेव्हा हौद्यात मधोमध फळी आली. तुम्हीही लेखी द्या, तोंडी बोललेलं कोणी लक्षात ठेवत नाही.

पण वेगळं करणं सोडू नका. उत्तर गोव्यातला बराच कचरा साळगावच्या कचरा-प्रक्रिया प्रकल्पात जातो. २०१६मध्ये तो सुरू झाला तेव्हा क्षमता दिवसाला १०० टन होती, नंतर ती २५० टनांवर नेली. दक्षिणेला काकोड्याचा प्रकल्प २०२२पासून आहे. अशा ठिकाणी यंत्राला कागद आणि कालवण यांतला फरक कळत नाही. त्याला कळतो तो आकार, वजन आणि लोखंड. फिरत्या जाळीच्या पिंपातून, म्हणजे ट्रॉमेलमधून, बारीक आणि ओलं खाली गळतं. चुंबक डबे-पत्रे उचलतो. हलत्या तिरक्या फळ्यांवर चपटं, हलकं वर सरकतं आणि जड घरंगळत खाली येतं. आता हुमणात, म्हणजे माशांच्या कालवणात, भिजलेलं वर्तमानपत्र घ्या. ते जड झालेलं असतं, गोळा झालेलं असतं, त्यामुळे भलत्याच बाजूला जातं. चुकून योग्य पट्ट्यावर आलं, तरी तिथे हाताने निवडणाऱ्या बाईला ते बाजूलाच काढावं लागतं, कारण तसली रद्दी कोणी घेत नाही. तुमची सुकी पिशवी कोरडी आणि गाठ मारलेली असेल, तर एका हौद्यात पडूनही आतलं बरंचसं वाचतं.

तिसऱ्यांच्या शिंपल्या आणि नारळाच्या करवंट्या कशात टाकायच्या? घरात यावरून रोज वाद. (फोंडा)

आमच्याकडेही! खवलं, काटे, कोलंबीची सालं बिनधास्त ओल्यात टाका. शिंपल्या मात्र नकोत. ओला कचरा दळून, पातळ करून बंद टाकीत सोडतात. तिथे हवेविना जीवाणू तो कुजवतात, त्यातून निघणाऱ्या वायूवर वीज होते आणि उरलेल्या चोथ्याचं खत. शिंपली कुजत नाही. ती दळणाऱ्या यंत्राची पाती झिजवते आणि टाकीच्या तळाशी गाळ होऊन बसते. आपली जांभ्याची माती आंबट, आणि शिंपली म्हणजे चुनाच. ठेचून माडाच्या आळ्यात घाला, फ्लॅटमध्ये असाल तर कुंडीत. करवंटीही टाकीत लवकर कुजत नाही. न्हाणीची चूल अजून असेल तर प्रश्नच मिटला.

चिप्सची पाकिटं धुऊन देते. त्यांचं खरंच काही होतं का? (डिचोली)

नवं पाकीट होत नाही. प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना असे चिकटलेले असतात की सुटे करणं परवडत नाही. त्यामुळे ती इतर हलक्या प्लास्टिकबरोबर गठ्ठे बांधून कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांत कोळशाच्या जोडीला जळण म्हणून जातात. याला पुनर्वापर म्हणायला माझी जीभ रेटत नाही, पण डोंगरावर पडून राहण्यापेक्षा बरं. धुण्यात पाणी घालवू नका, झटकून कोरडी द्या. धुवायची तर दुधाची पिशवी धुवा, तिला खरोखर गिऱ्हाईक आहे.

बाळाचे डायपर? (पर्वरी)

वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळ्या पिशवीत. ओल्यात नको, सुक्यातही नको. संपलेले सेल, ट्यूबलाइट आणि जुनी औषधंही अशीच निराळी ठेवा.

चवथ झाल्यावर माटोळीचं काय करावं? (साखळी)

गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या या फळा-पानांच्या चौकटीतले नारळ, तोरंजन, आंबाडे तुम्ही वाटून खातच असाल. सुकलेली पानं-फळं ओल्यात. पण आधी दोर सोडवा. पूर्वी माटोळी केवणीच्या, म्हणजे रानातल्या झुडपाच्या सालीच्या, दोरांनी बांधत, ते पानांबरोबर कुजून जात. आता बहुतेक घरी नायलॉनची सुतळी असते. ती यंत्राच्या फिरत्या दांड्याला गुंडाळते, तिच्यात चिंध्या अडकतात, आणि मग सगळं थांबवून कोणीतरी आत वाकून सुरीने कापत बसतो. यंदा बाजारात केवणीचे दोर दिसले तर घ्याच. नायलॉनच वापरलात, तर गुंडी करून पुढच्या चवथीला ठेवा.