बागेला कुलूप लावले की पैसे वाचतात का?

प्रश्न : आमच्या वस्तीतील सार्वजनिक उद्यान येत्या आर्थिक वर्षापासून ‘तात्पुरते’ बंद ठेवण्याचा प्रस्ताव प्रशासनाने मांडला असून, अंदाजपत्रकातील कपात हे त्याचे कारण दिले आहे. तिजोरीत तूट आहे हे आम्हालाही दिसते. परंतु उद्यान बंद केल्याने नेमके किती वाचणार, याचे उत्तर कोणी देत नाही. वर्गणी काढून बाग आपणच चालवावी असे काही रहिवासी म्हणतात, तर काहींना तिकीट लावणे सोपे वाटते. हरकत नोंदवताना आम्ही काय मागावे?

उत्तर : आधी हिशेब मागावा, आणि तो एका ठोकळ रकमेत स्वीकारू नये. प्रस्तावात बहुधा उद्यानाचा वर्षभराचा संपूर्ण खर्च ‘बचत’ म्हणून दाखवलेला असतो, जणू फाटक लावले की त्यामागचा सगळा खर्च थांबतो. प्रत्यक्षात कायम सेवेतील माळी दुसऱ्या खात्यात वर्ग होतात. त्यांचा पगार तसाच राहतो, फक्त लेखाशीर्ष बदलते. कुंपण राखावे लागते, रखवालदार ठेवावा लागतो, वठलेली फांदी रस्त्यावर कोसळून कोणी जखमी झाल्यास जबाबदारी मालकावर येतेच, आणि पालापाचोळ्याने तुंबलेल्या गटाराचे पाणी शेजारच्या घरांत शिरते ते उद्यान बंद आहे म्हणून थांबत नाही.

याहून मोठा खर्च पुढे असतो. वर्षभर न फिरवलेला पाण्याचा पंप गंजून जाम होतो आणि जमिनीखालच्या नळ्यांची गळती कोणाच्या लक्षातही येत नाही. जुने वृक्ष पाण्यावाचूनही तग धरतात, हिरवळ पुन्हा पेरता येते. परंतु दोन-तीन वर्षांपूर्वी लावलेली, मुळे खोल न गेलेली झाडे पहिल्याच उन्हाळ्यात जातात, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्यावर आधीच झालेला खर्चही जातो. उद्यान पुन्हा उघडताना हे सारे नव्याने करावे लागते. तो खर्च भांडवली शीर्षाखाली, पुढच्या एखाद्या अंदाजपत्रकात पडत असल्यामुळे आजच्या बचतीशी त्याची तुलना कोणी करीत नाही. तेव्हा ही तुलना आपणच लेखी मागावी.

हिशेबाचा आग्रह किती रास्त आहे, हे अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या उदाहरणावरून दिसते. २०११ साली त्या राज्याने तूट भरून काढण्यासाठी सुमारे २८० राज्य उद्यानांपैकी ७० उद्याने बंद करण्याची घोषणा केली. दोन कोटी वीस लाख डॉलरची वार्षिक कपात त्यातून भागवायची होती. नागरिकांच्या संस्थांनी धावपळ करून देणग्या जमवल्या, स्थानिक संस्थांनी करार केले आणि बहुतेक उद्याने वाचली. त्यानंतर जुलै २०१२ मध्ये उघड झाले की उद्यान विभागाच्याच दोन निधींत मिळून सुमारे पाच कोटी चाळीस लाख डॉलर अर्थखात्याला न कळवता पडून होते. विभागाच्या संचालिका रूथ कोलमन यांनी राजीनामा दिला. ही सारी रक्कम हव्या त्या उद्यानावर खर्च करता आली असती असे नाही, कारण तिचा मोठा भाग वाहनांच्या एका स्वतंत्र निधीतला होता. तरीही ज्यांनी खिशातून पैसे घातले होते त्यांचा संताप समजण्याजोगा होता. प्रत्येक कार्यालयात असा गुप्त गल्ला असतो, असे मी मुळीच सुचवीत नाही. मात्र ‘पैसा नाही’ हे विधान ऐकल्यावर कोणत्या निधीत नाही, हे विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे.

दुसरी गोष्ट जमिनीची. उद्यानाची जागा दानपत्राने, आरक्षणातून की सशर्त अनुदानातून मिळाली, हे मूळ कागदांवरून तपासावे. याच कॅलिफोर्नियात २००९ साली उद्याने बंद करण्याची चर्चा चालू असताना, केंद्र सरकारने उद्यानासाठी दिलेल्या जमिनींवरील सहा उद्याने बंद केल्यास त्या जमिनी परत जाऊ शकतात, असा इशारा राष्ट्रीय उद्यान सेवेने राज्याला दिला होता. अशी एखादी अट सापडली, तर दहा भाषणांपेक्षा ती अधिक उपयोगी पडते.

तिकिटाविषयी थोडक्यात सांगतो. ज्याला घरी अंगण नाही, त्यालाच तिकीट फाटकावर अडवते. शिवाय लहान उद्यानात तिकीट फाडणाऱ्याचा पगारही त्या उत्पन्नातून निघेल का, याची शंका आहे.

वर्गणीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. न्यूयॉर्क शहर १९७५ च्या सुमारास दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आले तेव्हा सेंट्रल पार्कची पार दुर्दशा झाली होती. ‘शीप मेडो’ नावाच्या तिथल्या प्रसिद्ध हिरवळीवर गवताऐवजी धूळ उडत होती. १९८० साली ‘सेंट्रल पार्क कॉन्झर्व्हन्सी’ ही संस्था निघाली, तिने खाजगी देणग्या उभ्या केल्या, आणि आज त्या उद्यानाच्या खर्चाचा बहुतांश भार तीच उचलते. यश निर्विवाद आहे. परंतु त्या उद्यानाभोवती शहरातील अतिधनाढ्य वस्ती आहे, आणि गरीब वस्त्यांतील उद्यानांना असे शेजारी लाभले नाहीत, ही टीकाही तितकीच खरी आहे. म्हणून वर्गणी द्यायची असेल तर अवश्य द्यावी, पण करारात दोन गोष्टी लिहून घ्याव्यात : वर्गणी आली म्हणून शासकीय तरतूद आणखी कमी होणार नाही, आणि वठलेली झाडे, विजेची जोडणी, खेळणी यांच्या सुरक्षिततेची जबाबदारी मालक संस्थेचीच राहील. रविवारी पाने झाडायला येणाऱ्या स्वयंसेवकाने झोपाळ्याच्या साखळीची हमी देऊ नये.

प्रश्न : रुग्णालयांना औषधे पुरत नाहीत, अशा वेळी बागांचा आग्रह धरणे ही चैन नव्हे काय?

उत्तर : आपला प्रश्न कडवट असला तरी योग्य आहे, आणि रुग्णालय की बाग अशी खरोखरच निवड करायची झाली तर माझे मत आपल्याच बाजूला पडेल. परंतु अंदाजपत्रकात ही निवड सहसा त्या रूपात समोर येत नाही. इंग्लंडचे उदाहरण घ्या : तेथे ग्रंथालयसेवा पुरवणे १९६४ च्या कायद्याने स्थानिक संस्थांवर बंधनकारक आहे, उद्याने राखणे मात्र बंधनकारक नाही. साहजिकच तूट आली की कात्री आधी उद्यानांवर चालते. त्यांची गरज कमी ठरली म्हणून नव्हे, तर ती कापल्यास कोणी न्यायालयात खेचणार नाही म्हणून.

शिवाय चालू ठेवणे आणि बंद करणे यांच्यामध्ये बऱ्याच पायऱ्या आहेत. दर हंगामाला बदलावे लागणारे फुलांचे ताटवे काढून तेथे बहुवार्षिक झुडपे लावता येतात, हिरवळीचा काही भाग न कापता गवताळ राहू देता येतो, कारंजे थांबवता येते, रात्रीचे दिवे लवकर मालवता येतात. उद्यान थोडे ओबडधोबड दिसेल, पण उघडे राहील. मात्र माणसे काढून घेऊन फाटक उघडे टाकणे हा काटकसरीचा मार्ग नव्हे. डिसेंबर २०१८ ते जानेवारी २०१९ या काळात अमेरिकी केंद्र सरकारचे कामकाज ३५ दिवस ठप्प असताना अनेक राष्ट्रीय उद्याने जवळजवळ कर्मचाऱ्यांविना उघडी ठेवली गेली. शौचालये आणि कचरापेट्या भरून वाहू लागल्या, आणि जोशुआ ट्री उद्यानात लोकांनी वाळवंटातून गाड्या हाकत झाडांचीही नासधूस केली.

पहिल्या पत्रलेखकांसाठी एक राहिले. प्रस्तावातील ‘तात्पुरते’ या शब्दापुढे तारीख नाही. फेरविचार कोणत्या सभेत होईल आणि तोवर पाणी देणे व झाडांची पाहणी कोणाकडे राहील, हे दोन्ही मुद्दे ठरावातच घालून घेण्याची मागणी हरकतीत सर्वांत वर लिहावी.