प्रश्न वाचकांचे : वर्दी नसते तेव्हा

(या अंकातल्या प्रश्नांना मुंबईच्या अग्निशमन दलातून तांडेल, म्हणजे लीडिंग फायरमन, म्हणून निवृत्त झालेले आमचे एक वाचक उत्तरं देत आहेत. आग लागल्याची खबर येते, तिला दलात वर्दी म्हणतात.)

प्रश्न : मुलगा अडीच महिन्यांपूर्वी अग्निशमन दलात लागला. फोन केला की सांगतो, दिवसभर पाइप गुंडाळले, गाडी पुसली, दोरीला गाठी मारल्या. बी.एस्सी. झालेल्या पोराला हीच कामं? आणि उद्या खरंच आग लागली तर त्याला येणार काय? जीव टांगणीला लागलाय.
— एक आई, कराड

ताई, मी भरती झालो तेव्हा माझी आईही हेच विचारायची, आणि मला तेव्हा तिला नीट सांगता आलं नव्हतं. तुम्हाला सांगतो.

तो ज्याला पाइप म्हणतो त्याला आम्ही होज म्हणतो. एकेक होज साधारण १५ मीटरचा. तो वेडावाकडा गुंडाळला असेल तर अंधारात फेकताना पीळ पडतो, आणि पीळ पडला की वर जिन्यात उभ्या असलेल्या माणसाच्या हातात पाणी पोचत नाही. आगीवरून परत आलेला होज धुवायचा, मनोऱ्यावर टांगून सुकवायचा. ओला ठेवलेला कुजतो आणि नेमका दाबाखाली फुटतो. तुमच्या मुलानं आज गुंडाळलेल्या होजवर उद्या दुसऱ्या कुणाचा जीव अवलंबून असणार आहे. त्याला बिनमहत्त्वाचं काम दिलंय असं कृपा करून समजू नका.

गाडीचंही तसंच. पाळी बदलली की हजेरी, आणि लगेच तपासणी : टाकीत पाणी किती, डिझेल किती, पंप चालू करून दाब येतो का, शिडीचा दोर झिजला नाही ना. मग बी.ए. सेट, म्हणजे पाठीवरचा हवेचा सिलिंडर. आताचे सिलिंडर ३०० बारपर्यंत भरतात; बार हे दाबाचं माप. कागदावर ती हवा अर्धा-पाऊण तास पुरते. पण खांद्यावर होज घेऊन चार मजले चढलेला माणूस दुप्पट हवा ओढतो. काटा ५५ बारच्या आसपास आला की शिट्टी वाजू लागते, मग हातातलं काम टाकून बाहेर यायचं. सकाळी काटा न बघणाऱ्याची ही शिट्टी कधी वाजेल, सांगता येत नाही.

आता गाठी. चेअर नॉट नावाची एक गाठ असते. दोन फास, एक गुडघ्यांखाली, एक काखेखाली. त्यात माणूस बसवून खिडकीतून खाली सोडता येतो. आमच्याकडून ती डोळे बांधून, हात ओले करून मारून घेत. मला पहिले दहा दिवस जमली नव्हती. अकराव्या दिवशी बोटांना कळली. डोक्याला आजही सांगता येणार नाही ती कशी मारतो.

धुराच्या खोलीचं मुलगा अजून बोलला नसेल, तर लवकरच बोलेल. आत स्वतःचा हात दिसत नाही. रांगत जायचं आणि भिंत सोडायची नाही. समोर चाचपताना तळहात नाही, हाताची मागची बाजू पुढे करायची. उघडी वायर तळहाताला लागली तर मूठ तिच्यावरच आवळते. मागच्या बाजूला लागली तर हात मागे खेचला जातो. तिथे मला एकदा डमी शोधायला सोडलं. सगळी खोली फिरून आलो, म्हटलं, ‘साहेब, कुणी नाही.’ साहेबांनी परत आत पाठवलं. डमी खाटेखाली होती. लहान मुलं आगीला घाबरली की दाराकडे पळत नाहीत. खाटेखाली, मोरीत, कपाटात शिरतात. पुढे गिरगावातल्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर मी आधी खाटेखालीच हात घातला आणि हाताला पाय लागला. तो मुलगा वाचला. त्याचं वय तेव्हा पाच असेल.

धोका नाही असं मी तुम्हाला सांगणार नाही. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजावर कापसाच्या गाठी पेटल्या होत्या, त्याच जहाजात दारूगोळा होता. आमची माणसं पाणी मारत असतानाच दुपारी चारच्या सुमारास स्फोट झाला. दलाचे ६६ जण गेले. दर वर्षी त्या दिवशी आम्ही त्यांच्यासाठी उभे राहतो, आणि निवृत्तीनंतरही मी जातो. मुलाला सुट्टीत घरी आल्यावर गाठ मारून दाखवायला सांगा. न बघता मारली, तर शिक्षण नीट चाललंय.

प्रश्न : मला फायरमन व्हायचंय, पण उंचीची भीती वाटते. अर्ज करू का?
— बारावीचा विद्यार्थी, लातूर

कर. पहिल्या दिवशी शिडीवर पाय बहुतेकांचे थरथरतात, माझेही थरथरले. शिडीच्या कांबीकडे बघायचं, जमिनीकडे नाही, आणि एका वेळी एकच हात किंवा एकच पाय हलवायचा. मात्र आजपासून रोज पळायला लाग; दम नसेल तर तो सेट पाठीवर घेऊन चढता येणार नाही.

प्रश्न : कढईतल्या तेलानं पेट घेतला तर बंब येईपर्यंत काय करायचं?
— एक गृहिणी, डोंबिवली

पाणी अजिबात नको. एक लिटर पाण्याची जवळपास १७०० लिटर वाफ होते आणि ती पेटतं तेल घरभर उडवते. हात पोचत असेल तर आधी गॅस बंद करा, मग कढईवर ताट किंवा झाकण कडेनं सरकवत ठेवा. झाकण नसेल तर सुती टॉवेल भिजवून घट्ट पिळून पसरा. कढई उचलून मोरीकडे न्यायची नाही, आणि पूर्ण गार होईपर्यंत झाकण उचलून बघायचं नाही. ज्वाळा छताकडे गेल्या असतील तर हे काहीच करू नका. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा, दार ओढून घ्या आणि १०१ ला फोन लावा. पत्ता सांगताना जवळची खूण सांगा आणि एकाला गल्लीच्या तोंडाशी उभं करा.