काचेवर पाण्याचा थेंब वाळला की डाग कडेलाच का उमटतो?
थेंबाची कड काचेला धरून बसते, म्हणून. व्यास तोच राहतो, फक्त उंची घटत जाते. स्पर्शकोन, म्हणजे थेंबाची कड काचेशी करते तो कोन, 90 अंशांपेक्षा कमी असला की बाष्पीभवन कडेशी सर्वांत जलद होतं. ती तूट भरायला मधलं पाणी बाहेर वाहतं आणि विरघळलेले क्षार, धूळ कडेला नेऊन टाकतं. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी 1997 मध्ये कॉफीच्या डागावरून हेच दाखवलं. मेण लावलेल्या गुळगुळीत पृष्ठभागावर कड सहज सरकते, थेंब आकसत जातो आणि डाग लहान, मध्यावर पडतो.

पंख्याखाली वाळवून उपयोग नाही, क्षार तिथेच उरतात. थेंब वाळण्याआधीच रबरी वायपरने ओढून काढा किंवा शेवटी डिस्टिल्ड पाण्याने धुवा. जुन्या पांढऱ्या डागांवर व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात लावा. संगमरवरावर मात्र अजिबात नको, आम्लाने त्याची चकाकी जाते.