स्टारसेक्टर १.० ची वाट बघायची का आत्ताच मॉड लावून खेळायचं?

तुम्ही विचारलंय की स्टारसेक्टर (अंतराळात जहाजांचा ताफा चालवायचा गेम) घेऊन दोन वर्षं झाली, व्हॅनिला, म्हणजे मॉड न लावलेला मूळ गेम, खेळून खेळून पाठ झालाय, १.० कधी येणार ते कुणी सांगत नाही, मग आता मॉड (खेळणाऱ्यांनी स्वतः बनवून गेममध्ये घातलेली भर) लावावेत का पूर्ण गेम यायची वाट बघावी, आणि मॉड लावले नि उद्या नवीन व्हर्जन आलं तर सगळं बोंबलेल का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. हो, बोंबलेल. तरी लावा.

मी २०१४ च्या शेवटी ०.६५ए आलं तेव्हापासून खेळतोय. तेव्हा गेम विकायला लागून तीन वर्षं होऊन गेली होती (सुरुवातीला त्याचं नाव स्टारफेअरर होतं, मग बदललं) आणि एक मित्र मला म्हणाला होता की थांब रे जरा, वर्ष-दीड वर्षात पूर्ण होईल मग घे, अर्धवट गेमला कशाला पैसे घालतोस. तो मित्र अजून थांबलाय.

थट्टा जाऊ द्या, तारखाच बघा म्हणजे अंदाज येईल. ०.९ए नोव्हेंबर २०१८ मध्ये आलं, ०.९.१ए मे २०१९ मध्ये, आणि त्यानंतरचं ०.९५ए थेट मार्च २०२१ मध्ये, म्हणजे जवळजवळ दोन वर्षं शुकशुकाट. मग ०.९६ए मे २०२३, ०.९७ए फेब्रुवारी २०२४, ०.९८ए मार्च २०२५. कधी नऊ महिने, कधी बावीस, यात काही सूत्र शोधायला जाऊ नका, मी शोधलंय, नाहीये. ॲलेक्स मोसोलोव्ह आणि त्याच्याबरोबर मोजकी माणसं, एवढीच टीम, आणि त्यांनी कधी तारीख जाहीरच केली नाही, त्यामुळे 'डिले झाला' असं म्हणायलासुद्धा तसा अर्थ नाही. तारीख दिलीच नाही तर चुकणार काय!

पण उशीर का होतो ते कळलं की मॉड का तुटतात तेही कळतं, कारण दोन्हीचं मूळ एकच आहे. हा माणूस नुसती भर घालत नाही, आधीचं उकरून परत बांधतो. ०.८ मध्ये सगळा सेक्टर मोठा केला, अनोळखी ताऱ्यांकडे जाऊन सर्व्हे करायचा, भंगार गोळा करायचं हे सगळं तेव्हा आलं. ०.९ मध्ये स्वतःच्या कॉलनी आल्या. ०.९५ मध्ये स्टोरी पॉइंट (एखादी खास गोष्ट साधायला खर्चायचे पॉइंट) आले, मुख्य कथानक आलं, वर्षानुवर्षं नुसते शोभेला उभे असलेले गेट (एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे उडी मारायची दारं) चालू करता यायला लागले आणि स्किलची जुनी पद्धत अख्खी मोडीत निघाली. आता ज्याने जुन्या स्किलवर बेतून मॉड लिहिला होता त्याचं काय? घराची भिंतच सरकवली तर भिंतीवरचं कपाट पडणारच.

म्हणून या गेमच्या लोकांना वाट दोनदा बघावी लागते, आणि हे नवीन माणसाला कोणी सांगत नाही. पहिली वाट ॲलेक्सची. ती सोपी असते, कारण सगळे मिळून बघतात, अधूनमधून तो पुढच्या व्हर्जनमध्ये काय येतंय यावर लांबलचक लेख टाकतो, मग महिनाभर त्याचा कीस पाडायचा, वेळ जातो. दुसरी वाट अपडेट आल्यावर सुरू होते आणि ती जास्त छळते, कारण गेम तर समोर आहे पण तुमचा गेम, म्हणजे ज्याची तुम्हाला सवय झालीय तो वीस-पंचवीस मॉडवाला, तो नाहीये. लेझीलिब, मॅजिकलिब ही बाकीच्यांच्या पायाखालची लायब्ररी मॉडं आधी नवीन व्हर्जनवर यावी लागतात, मग त्यांच्यावर उभे असलेले नेक्सरेलिनसारखे मोठे, मग फॅक्शनवाले (गेममध्ये सत्तेसाठी झगडणारे नवे गट घालणारे), आणि काही येतच नाहीत. मॉड करणारा कॉलेजात असताना लिहून गेला, आता नोकरीत अडकलाय, त्याच्या मॉडची शेवटची झिप तशीच पडून आहे.

आणि इथेच लोक शेण खातात. अपडेटच्या दुसऱ्या दिवसापासून फुकटात काम करणाऱ्या माणसाला 'कधी?', 'ईटीए?', 'एवढ्या दिवसात तर व्हायला पाहिजे होतं' सुरू. ॲलेक्सला असं कोणी फारसं विचारत नाही हं, त्याच्यापुढे सगळे समंजस, सगळा राग निघतो तो मॉडरवर, ज्याला यातून दमडी मिळत नाही. मीपण एकदा विचारलंय, खोटं कशाला बोलू, २०२१ मध्ये, आणि समोरून उत्तर आलं होतं की सोर्स झिपमध्येच आहे, तू कर. मला आधी राग आला. मग उघडून बघितलं.

त्यामुळे मॉड आतून कसा असतो ते थोडं सांगतो, तुम्हाला उपयोगी पडेल. गेम जावामध्ये लिहिलेला आहे आणि त्याचं सगळं मटेरियल, जहाजं, बंदुका, फॅक्शन, साध्या सीएसव्ही आणि जेसन फाइलमध्ये, म्हणजे नोटपॅडमध्येही वाचता येईल अशा मजकुरात, उघड्यावर ठेवलेलं आहे. कोर फोल्डरच्या आत डेटा, त्यात हल्स (जहाजांचे सांगाडे), त्यात शिप डेटाची सीएसव्ही, प्रत्येक जहाजाला एक ओळ: हिटपॉइंट किती, आर्मर किती, फ्लक्स (बंदुका आणि ढाल वापरताना जहाजात साठणारा ताण) किती साठतो, किती वेगाने निघून जातो, महिन्याला सप्लाय किती खातं. मॉडच्या फोल्डरमध्येही हुबेहूब हीच रचना. तुम्ही तिथे त्याच नावाची सीएसव्ही ठेवून तिच्यात एकच ओळ लिहिली तर गेम ती मूळच्या यादीत मिसळून घेतो, आयडी सारखा असला तर तुमची ओळ वापरतो, वेगळा असला तर नवीन जहाज. मूळ फाइलला हात लावायचा नाही. म्हणजे ॲलेक्स जी हत्यारं वापरतो जवळपास तीच तुमच्या हातात आहेत, आणि माझ्या मते हा गेम एवढी वर्षं टिकण्याचं सगळ्यात मोठं कारण ते आहे, ग्राफिक्स नाही नि कथा तर नाहीच नाही.

मी पहिल्यांदा काय केलं तर हॅमरहेड घेतलं (मधल्या आकाराचं डिस्ट्रॉयर, समोर दोन बंदुका, माझं लाडकं) आणि त्याचा माझ्या आवडीच्या बंदुकांचा एक व्हेरिअंट लिहिला. दहा मिनिटांचं काम. गेम चालू केला, लोडिंगची पट्टी अर्ध्यावर गेली आणि टणकन खिडकी आली: फेटल, शिप हल स्पेक अमुक अमुक नॉट फाउंड. लॉग फाइल (गेम काय काय करतोय त्याची नोंद) उघडली, हजारो ओळी, मला वाटलं जावा शिकावं लागणार आता. पाऊण तास डोकं खाजवल्यावर दिसलं की हॅमरहेडच्या स्पेलिंगमध्ये मी एक एम खाल्ला होता. बास. तेव्हापासून एक नियम, लॉग वरून वाचायचाच नाही, थेट तळाला जायचं, काय मेलंय ते शेवटच्या काही ओळीत लिहिलेलं असतं, आणि दहातल्या नऊ वेळा स्पेलिंग नाहीतर विसरलेला कंस.

जुना मॉड नवीन व्हर्जनवर ढकलायचा एक जुगाडही आहे. प्रत्येक मॉडच्या फोल्डरमध्ये मॉड इन्फो नावाची जेसन फाइल असते, तिच्यात गेमचं व्हर्जन लिहिलेलं असतं, लाँचर तेवढंच वाचतो आणि जुनं असेल तर नाक मुरडतो. तो आकडा नोटपॅडमध्ये बदलला की मॉड चालू करता येतो. मॉडमध्ये नुसती जहाजं नि बंदुका असतील तर बऱ्याचदा चालतोही. पण आत जावाचा कोड असेल, म्हणजे जार फाइल असेल, आणि तो ज्या फंक्शनला हाक मारतोय ते ॲलेक्सने काढून टाकलेलं असेल, तर गेम लगेच पडेल असंही नाही, पडेल तीस तासांनी, त्या विशिष्ट स्टेशनला गेल्यावर, सेव्ह करायच्या आधी. हा जुगाड केला असेल तर मॉडरकडे बग सांगायला जायचं नाही, एवढी तरी लाज ठेवायची. आणि दुसऱ्याचा बंद पडलेला मॉड दुरुस्त केलात तर स्वतःपुरता ठेवा, विचारल्याशिवाय वाटत फिरू नका, यावरून गेमच्या फोरमवर फार कडाक्याची भांडणं होतात.

बरं, वाट बघण्याबद्दल अजून एक, कारण तुमच्या प्रश्नात मला ती धाकधूक दिसली की हा गेम कधी पूर्ण होणारच नाही की काय. मी लिमिट थिअरी नावाच्या दुसऱ्या एका अंतराळ-गेमची वाट बघणाऱ्यांतलापण होतो. जॉश पार्नेल नावाच्या एका मुलाने २०१२ च्या शेवटी किकस्टार्टरवर (लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करायची वेबसाइट) ५० हजार डॉलर मागितले, मिळाले १ लाख ८७ हजारांच्या वर. अख्खं विश्व गणिताने तयार होणार, जहाजं, ग्रह, अर्थव्यवस्था सगळं, आणि जवळजवळ एकटा माणूस बनवणार. मॉडिंगचं तर असं की सुरुवातीला त्याने स्वतःची स्क्रिप्टिंग भाषा लिहिली, मग ती टाकून लुआ ही तयार भाषा घेतली, कारण गेमचा जास्तीत जास्त भाग स्क्रिप्टमध्ये हवा होता, म्हणजे मॉडरला सगळीकडे हात घालता येईल. आम्ही तर गेम यायच्या आधीच कोण कुठला मॉड करणार याच्या वाटण्या करून बसलो होतो, मी मालवाहतुकीच्या कंपन्यांचा करणार होतो, वहीत कंपन्यांची नावंसुद्धा लिहून ठेवलेली. सप्टेंबर २०१८ मध्ये त्याने सांगितलं की आता होत नाही, थांबतो. पुढे सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला केला. उघडून बघितलाय मी तो, इंजिन सुंदर आहे, पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, मॉड करायला आधी गेम लागतो.

पैसे घालून फसलो असं मला तेव्हाही वाटलं नाही, त्या पोराने सहा वर्षं जीव काढलाय. पण त्या दिवसापासून मी एकच गोष्ट बघतो: आज, आत्ता जे हातात आहे ते खेळण्यासारखं आहे का? स्टारसेक्टर ०.६५ वरही खेळण्यासारखा होता आणि उद्या ॲलेक्सने काम थांबवलं तरी ०.९८ तुमच्या डिस्कवर राहणार आहे, मॉडसकट, ऑनलाइन वगैरे काही लागत नाही. मग १.० हा आकडा येवो न येवो, मला खरंच झोप उडण्याएवढा फरक पडत नाही. लोकांना पडतो, मला माहितीये.

आता काय करायचं ते सांगतो. नवीन अपडेट आलं की जुन्यावर इन्स्टॉल करू नका, वेगळ्या फोल्डरमध्ये टाका. विंडोजवर मॉड आणि सेव्ह गेमच्याच फोल्डरमध्ये असतात, त्यामुळे जुना फोल्डर जसाच्या तसा राहिला तर जुना गेम मॉडसकट चालू राहतो. माझ्याकडे तीन व्हर्जन शेजारी शेजारी पडून आहेत. नवीनवर पहिले काही आठवडे व्हॅनिलाच खेळा, एकतर नवीन काय आलंय ते कळतं, आणि सुरुवातीला बारीकसारीक दुरुस्त्यांचे पॅच येत राहतात, तोवर मॉडरलाही उसंत मिळते.

मॉड निवडताना पहिल्याच दिवशी चाळीस टाकायचे नाहीत. लेझीलिब, मॅजिकलिब, ग्राफिक्सलिब आणि त्यांच्यावर नेक्सरेलिन, एवढ्याने सुरू करा. नेक्सरेलिनने फॅक्शन नुसत्या तोंडाने भांडायचं सोडून खरोखर एकमेकांचे ग्रह जिंकायला लागतात आणि तुम्हालाही कुणाच्या तरी बाजूने उतरता येतं, व्हॅनिला पाठ झालेल्या माणसाला हाच सगळ्यात मोठा बदल वाटेल. मग एक, फार तर दोन फॅक्शन मॉड. आणि कॅम्पेन सुरू केल्यावर मधेच मॉड काढायचा नाही. माझी साठेक तासांची सेव्ह अशीच गेलीय, गेम अडखळायला लागला म्हणून एक जहाजांचा मॉड काढला, आणि त्यातलं एक जहाज सेक्टरच्या कुठल्यातरी कोपऱ्यात कुणाच्यातरी ताफ्यात फिरत होतं, सेव्ह त्याला शोधत बसली आणि उघडेचना. मॉड परत टाकला असता तर उघडली असती, पण त्या रात्री रागाच्या भरात मी फोल्डरच डिलीट केला होता आणि त्या मॉडची तीच आवृत्ती नंतर मिळाली नाही.

गेमला रॅम किती द्यायची तेही विचारलंय तुम्ही. गेमच्या फोल्डरमध्ये व्हीएमपॅराम्स नावाची फाइल आहे, तिच्यात एक्सएमएस आणि एक्सएमएक्स (सुरुवातीला किती रॅम घ्यायची आणि जास्तीत जास्त किती) असे दोन आकडे आहेत, दोन्ही सारखे ठेवून वाढवा. तुमची मशीन ८ जीबीची असेल तर ४ जीबीपर्यंत द्या, त्याच्या वर नको, विंडोजलाही जगू द्या. आणि फाइल बदलायच्या आधी तिची एक कॉपी शेजारी ठेवा, कारण त्यात एक स्पेस जरी चुकीची पडली तर गेम उघडतच नाही आणि यावेळी लॉगमध्येही काही सापडत नाही.